ओढाताणीच्या वर्षी द्यावं किती? एका टॅरो-वाचनाचं प्रकरण

मी टॅरोचे, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून लोकांच्या प्रश्नांवर बोलते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरची ही हकीकत आहे. घरातल्या बाईला मी इथे वहिनी म्हणते. वयाने मोठी असूनही ती मला ताई म्हणते. लिहायला तिची परवानगी आहे. गाव, देऊळ आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र तिच्या वहीतले आहेत. बोलणं सगळं कोंकणीत झालं, इथे मराठीत मांडते.

तिचा प्रश्न एका ओळीचा होता : यंदा नणंदेला चाळीस हजार द्यावेत की नाहीत?

टॅरोच्या ७८ पत्त्यांत ‘हो’ असं उत्तर देणारा पत्ता नाही. काही वाचक पत्ता सुलटा आला की उलटा यावरून हो-नाही सांगतात. मी सांगत नाही. पैशाच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण माझं सांगणं चुकलं तर हप्ता माझा थकत नाही, तिचा थकतो. म्हणून पत्ते बाजूला ठेवून आधी घराची स्थिती विचारली.

घरची स्थिती

नवऱ्याचे दोन टिपर होते. खाणीवर खनिज भरायचं, नदीकाठच्या जेटीवर ओतायचं, तिथून पुढे बार्ज. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी बंद झाल्या. मध्ये काही काळ काम सुरू झालं, तोवर ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीझांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं थांबलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या ट्रकवाल्यांच्या घरांत अजून कालगणना तशीच चालते : पहिल्या बंदीच्या आधी, दुसऱ्या बंदीच्या नंतर. या घरातला एक टिपर पहिल्या बंदीत गेला, दुसरा दुसऱ्या बंदीत. दोन्ही पडत्या भावाने, कारण तेव्हा आख्खा पट्टाच गाड्या विकायला बसला होता. ज्या घरात सकाळी माणसं मदत मागायला यायची, त्या घरावर मदत मागायची पाळी आली. मागितली मात्र कुणीच नाही.

पुढे नवरा दुसऱ्यांच्या गाड्या चालवू लागला. यंदा पावसाच्या तोंडावर त्याच्या मणक्यातली चकती सरकली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं, ऑपरेशन टळलं, पण काही महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं सांगण्यात आलं. मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. वहिनी फराळाचं करून देते : एरवी लाडू, चिवडा, शंकरपाळ्या आणि चतुर्थी आली की नेवऱ्या, म्हणजे करंज्या. चतुर्थीच्या पंधरवड्यात जी कमाई होते तिच्यावर पुढचे दोन-तीन महिने रेटतात. ती माझ्याकडे आली आषाढात, म्हणजे खोबरं, रवा, साखर, तूप यांची खरेदी तोंडावर आलेली असताना. फराळाचं काम करणाऱ्या बाईच्या हातात वर्षभरात जी काही रोकड असते ती याच दिवसांत असते, आणि तीच तिचं भांडवल असते.

देण्याच्या गोष्टी तिच्यासमोर तशा तीन होत्या. नणंदेच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. फी आणि राहण्याचा खर्च मिळून चाळीस हजार कमी पडत होते. नणंदेच्या लग्नात, बाळंतपणात, घर बांधताना हेच माहेर पाठीशी उभं राहिलेलं, त्यामुळे तिने दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. दुसरी गोष्ट देवळातली समाराधना. मार्गशीर्षातल्या उत्सवातला एक दिवस या घराकडे, सासऱ्यांच्या काळापासून. त्या दिवशी गावाला जेवण घालायचं. गेल्या वर्षी खर्च आला पंचेचाळीस हजार.

तिसरी गोष्ट तिने मोजलीच नव्हती, बोलता बोलता आली. शेजारच्या भाड्याच्या खोलीत कर्नाटकातून आलेलं जोडपं राहतं. नवरा बांधकामावर, बायकोच्या अंगावर लहान मूल. वहिनी त्यांना रोज रात्री एक डबा देते. ‘तें कितें दिवप? उरतां तेंच,’ ती म्हणाली, म्हणजे ते कसलं देणं, उरतं तेच. मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं.

पत्त्यांबद्दल थोडं

अंजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा हरमलच्या किनाऱ्यावर टॅरोचं टेबल मांडून बसणारे पुष्कळ दिसतात, पण त्यांचं गिऱ्हाईक पर्यटक. डिचोलीच्या आतल्या गावातली बाई तिकडे वळत नाही. मी फोंड्यात घरीच बसते आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी कदंबच्या बसने येतात, बहुधा घरी वेगळंच कारण सांगून. वहिनीनेही दवाखान्याचं कारण सांगितलं होतं.

तिने पत्ते हातात घेऊन विचारलं, ‘हे सावंतवाडीच्या गंजिफांसारखे?’ प्रश्न चांगला होता. गंजिफा गोल, लाखेचा हात दिलेल्या. दशावतारी जोडात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते, आणि तो खेळ. टॅरोही मुळात खेळच, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला. त्यात प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलेलं आहे असं कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये छापलं आणि तेव्हापासून पत्त्यांना गूढविद्येचं वलय चढलं. इजिप्तशी संबंध असल्याचा पुरावा कधी मिळाला नाही. हे सगळं मी येणाऱ्याला सांगून टाकते. त्याने पत्त्यांचा दरारा थोडा उतरतो, आणि अडचणीत असलेल्या माणसासमोर तो उतरलेलाच बरा.

माझ्याकडचा संच १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला, अर्थात नंतरच्या छपाईतला. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. दुर्री-तिर्रीसारख्या साध्या पत्त्यांवरही तिने माणसं आणि प्रसंग रंगवले. त्यामुळे टॅरोचं ओ की ठो माहीत नसलेली बाईसुद्धा चित्र बघून बोलायला लागते. ऐंशीएक चित्रांच्या या कामाबद्दल तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं होतं की काम मोठं आणि पैसे फारच थोडे. १९५१ मध्ये ती वारली तेव्हा डोक्यावर देणी होती. नाणी वाटणाऱ्या श्रीमंत व्यापाऱ्याचं चित्र काढणाऱ्या बाईच्या वाट्याला असं आलं. ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. वहिनीला सांगितली, कारण फराळाच्या ऑर्डरीत घासाघीस करणारी गिऱ्हाइकं तिने पुष्कळ पाहिली होती आणि तिला ती लगेच कळली.

ओरॅकल पत्त्यांना मात्र ठरलेला साचा नसतो. किती पत्ते, कुठली चित्रं, सगळं करणाऱ्याच्या मनावर. बाजारातल्या जोडांत देवदूत, परी, शिंगवाले घोडे. त्यांच्याकडे बघून आमच्याकडच्या बायका कौतुकाने हसतात आणि गप्प बसतात. म्हणून मी घरीच एक जोड केला. चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीकडून चित्रं काढून घेतली : तळी, माटोळी, तुळशीवृंदावन, होडी, सुकवायला टाकलेली आमसुलं, खाजनातली मानस. टॅरोचे पत्ते बोलून झाले की शेवटी यातला एक काढायचा, अशी माझी पद्धत आहे.

तीन पत्ते

तीन जागा ठरवल्या : हाताशी काय आहे, देण्यामागे काय आहे, नजरेआड काय आहे. चाळीस हजारांचा प्रश्न मुद्दाम कुठल्याच जागेवर ठेवला नाही.

पहिल्या जागेवर फोर ऑफ पेंटॅकल्स आला. पेंटॅकल्स म्हणजे टॅरोतला नाण्यांचा रंग. मुकुट घातलेला माणूस, एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक डोक्यावर, दोन पायांखाली. मागे शहर. वहिनी म्हणाली, ‘म्हणजे मी चिक्कू?’ पुष्कळ वाचक या पत्त्याला कंजूषपणाच्या खात्यात टाकतात आणि अडचणीतल्या माणसाला वर अपराधी करून सोडतात. खुद्द वेटने या पत्त्याचा अर्थ देताना हातात असलेल्याला धरून राहण्याबरोबर भेट आणि वारसा हेही शब्द दिले आहेत. मी तिला एवढंच म्हटलं की याला उठून चालायचं झालं तर आधी काय सोडावं लागेल ते बघा. तिने बराच वेळ पाहिलं. ‘पायाखालची दोन,’ ती म्हणाली. ‘ती हलवली तर हा पडेल.’ ती दोन नाणी म्हणजे काय, असं विचारल्यावर तिने क्षणात उत्तर दिलं : चतुर्थीचा माल भरायचे पैसे. बावीस हजार, डाळीच्या डब्यात.

दुसऱ्या जागेवर सिक्स ऑफ पेंटॅकल्स. एका हाताने तराजू धरलेला व्यापारी दुसऱ्या हाताने नाणी देतो आहे. समोर दोघे गुडघ्यांवर. नाणी पडतायत एकाच्याच हातात, दुसरा अजून हात पसरून आहे. दानाचा विषय आणि दानाचाच पत्ता, म्हणून वहिनी चपापली. तीन पत्त्यांत पेंटॅकल्सचे दोन किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात आठच्या आसपास असते. ७८ पत्त्यांत ते चौदा आहेत, गणित सोपं आहे. मी तिला हे सांगितलं. तिला ते फारसं आवडलं नाही.

‘या चित्रात तुम्ही कोण?’ या माझ्या प्रश्नावर तिचं बोट थेट व्यापाऱ्यावर गेलं. मग हळूच उचललं गेलं. कुठे ठेवायचं ते तिला कळेना. गुडघ्यावर बसलेल्यांपैकी एक म्हणजे आपण, हे ती मनात आणायलाही तयार नव्हती. मला वाटतं सगळ्या वाचनातला हा सर्वांत कामाचा भाग. वेटने या पत्त्याबद्दल म्हटलं आहे की दात्याच्या चांगुलपणाइतकीच ही त्याच्या यशाचीही साक्ष आहे. टिपर होते तेव्हा या घराने जे दिलं, ते चांगुलपणाने दिलं यात शंका नाही, पण त्याने घराची पतही गावात दिसायची. टिपर गेले. देणं थांबलं असतं तर टिपर गेले हे लोकांना कळलं असतं. म्हणून देणं चालू राहिलं. मी हे तिच्या तोंडावर बोलले नाही. ‘दिलं नाही तर काय होईल?’ एवढं विचारलं. ती म्हणाली, ‘लोक म्हणतील, यांचं संपलं.’

तिसऱ्या जागेवर सेव्हन ऑफ स्वोर्ड्स. तंबूंच्या छावणीतून एक माणूस पाच तलवारी कवेत घेऊन चवड्यांवर निघाला आहे, मान मागे वळलेली. दोन तलवारी मागे जमिनीत रोवलेल्या राहिल्यात. हा पत्ता लोकांना आवडत नाही, वाचकांनाही नाही. चोरी, लबाडी, पळवाट असे त्याचे रूढ अर्थ.

‘चोर?’ वहिनीने विचारलं.

‘तुम्हाला काय वाटतं, कुणाचं घेऊन चाललाय?’

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आपलंच घेऊन चाललाय. घरच्यांना न सांगता.’

आणि मग पाटल्यांची गोष्ट बाहेर आली. गेल्या वर्षीच्या समाराधनेला पैसे नव्हते. नवऱ्याला तसं कळलं असतं तर तो खचला असता, म्हणून तिने आपल्या पाटल्या गहाण टाकल्या, साठ हजार उचलले, पंचेचाळीस समाराधनेला घातले, उरलेल्यात पतसंस्थेचे थकलेले दोन हप्ते भरले. नवऱ्याला सांगितलं की फराळाचे पैसे साठले होते. पाटल्यांच्या जागी बेंटेक्सच्या घालते. महिन्याला नऊशे रुपये व्याज गुपचूप भरते आहे.

पत्त्याने हे ओळखलं, असं कुणी म्हणत असेल तर मी हात जोडते. हा पत्ता कुठल्याही संसारी माणसासमोर ठेवा, झाकून ठेवलेलं काहीतरी आठवेलच. चित्र निमित्त देतं. पण निमित्तही साधं नव्हे : मी सरळ विचारलं असतं की घरापासून काही लपवलंय का, तर तिने पदर सावरून बसची वेळ विचारली असती.

वही

यापुढचं काम पत्त्यांचं नव्हे. पत्ते तसेच उघडे ठेवले आणि वही घेतली.

मुलगा घरात देतो दहा हजार. फराळाची सरासरी महिन्याला अकरा हजार. गृह आधार योजनेचे दीड हजार. मिळून साडेबावीस. जाणारे : घरखर्च अकरा हजार, पतसंस्थेचा हप्ता सहा हजार दोनशे, पाटल्यांचं व्याज नऊशे, औषधं आणि बांबोळीच्या खेपा दीड हजार, फोन-वीज-किरकोळ बाराशे. बेरीज वीस हजार आठशे. हाती राहतात सतराशे.

नणंदेचे चाळीस आणि समाराधनेचे पंचेचाळीस मिळून पंच्याऐंशी हजार. सतराशेने भागलं तर पन्नास महिने. चार वर्षांहून जास्त. वहिनी हिशेबाला कच्ची नाही, ती तीनशे नेवऱ्यांना किती खोबरं लागेल हे तोंडी सांगते. पण हा भागाकार तिने कधी केला नव्हता. करायचाच नव्हता, असं मी म्हणेन.

मग रात्रीच्या डब्याचा हिशेब विचारला. ती चिडली. ‘जेवणाचे पैसे मोजतात का?’ तरी मोजले : दिवसाला वीस रुपये धरले तर महिन्याला सहाशे. घरखर्चात ते आधीच जमा होते आणि जड झालेले नव्हते. म्हणजे या घराला आज परवडणारं देणं आधीच रोज चालू होतं, त्यासाठी गहाणवट लागली नव्हती आणि ते गावाला दिसतही नव्हतं.

इथे एक राग ओकून घेते. ‘दान करा, दुप्पट होऊन परत येतं,’ असं सांगणारे टॅरोवाले, अंकवाले, वास्तुवाले माझ्या ऐकण्यात नेहमी येतात. तंगीत असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याच्या खिशातलं शेवटचं भांडवल काढून घेणं आहे. वहिनीलाही कुणीतरी सांगितलं होतं की समाराधना मोठी केली तर नवऱ्याची पाठ सुधारेल. पाठ सुधारते ती विश्रांतीने आणि फिजिओथेरपीने.

शेवटचा ओरॅकल पत्ता आला मानस. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या, बांधावरचं हे लाकडी दार. भरतीचं खारं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने फळ्या मिटतात आणि शेत वाचतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याच फळ्या ढकलून बाहेर जातं. वहिनीचं माहेर मांडवीकाठचं, तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. उलट तिनेच मला सांगितलं की तिचा बापूस रात्री उठून मानस बघायला जायचा, फळीत लाकूड अडकलं आणि दार उघडं राहिलं तर एका भरतीत भाताचं शेत खारं व्हायचं. आणि मग, ‘आमचं दार दोन हजार बारापासून उघडंच अडकलंय ना?’ मी मान हलवली. यावर भर घालावी असं माझ्याकडे काही नव्हतं.

तिने घरी जाऊन काय केलं

माझ्याकडून ती तीन गोष्टी ठरवून गेली होती. डाळीच्या डब्यातले बावीस हजार चतुर्थी होईपर्यंत कुणाला द्यायचे नाहीत. नवऱ्याला पाटल्यांचं सांगायचं. नणंदेशी फोनवर नव्हे, समोर बसून बोलायचं. तिसरी तिने पाळली नाही.

नवऱ्याला सांगितल्यावर तो रागावला नाही. दोन दिवस बोललाच नाही. ते तिला जास्त लागलं. मग समाराधनेचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला की हे आपण घरात बसून ठरवायचं नाही, देवाला विचारायचं. माझ्या पत्त्यांबद्दल तिने त्याला तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, ‘तुझं विचारून झालं, आता माझं.’

गोव्यातल्या देवळांत प्रसाद घेण्याची रीत आहे तशी त्यांनी घेतली. पुजाऱ्याने ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या, घराच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. यंदा समाराधना सोडली तर चालेल का? डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. मग विचारणा बदलली : भाऊबंदांच्या तीन घरांनी मिळून केली तर? बराच वेळ काही पडेना. मग उजवी पडली.

कौलाला उजवं-डावं असतं, माझ्या पत्त्यांना नसतं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गाऱ्हाणं मोठ्याने घालतात. ‘घरात कमावता माणूस आजारी आहे, अडचण आहे, लेकरांना सांभाळून घे,’ हे शब्द देवळाच्या चौकात, भाऊबंद उभे असताना उच्चारले गेले. जे वाक्य या घराने इतकी वर्षं गिळलं होतं, ते पुजाऱ्याच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलं. माझ्या टेबलावर वहिनी बोलली ती बंद दाराआड, एका परक्या बाईजवळ. मोकळं होणं तिथे झालं, पण मदत तिथून येऊ शकत नव्हती. ती चौकातून आली. एक चुलत दीर तिथेच म्हणाला, ‘आधी का नाही सांगितलं?’ दुसरा कुरकुरला, पण तयार झाला. जेवण साधं ठेवायचं ठरलं : भात, वरण, एक खतखतं, पायस. प्रत्येक घरावर पंधरा हजार. वहिनीचे पंधरा चतुर्थीच्या कमाईतून बाजूला पडले.

नणंदेचं मात्र बिनसलं. वहिनीने फोन केला, सगळं सांगितलं, पाटल्यांचंसुद्धा. चतुर्थी झाल्यावर पाच हजार देते म्हणाली. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाचं सांगितलं, अर्जाला सोबत येते म्हणाली. ही माहिती माझी होती. अशा योजना राज्यात आहेत आणि लाजेपायी लोक तिथवर पोचत नाहीत, हे मी बरंच पाहिलं आहे. पलीकडून नणंद म्हणाली, ‘दादा कधी नाही म्हणाला नसता.’ फोन ठेवला. चतुर्थीला ती माहेरी आली नाही, मुलाला पाठवलं. मुलगा आरतीला थांबला, पाच हजारांचं पाकीट घेतलं, मामाच्या पाठीची चौकशी केली. कर्जाचा अर्ज केला की नाही, ते वहिनीला ठाऊक नाही.

समोर बसून बोलणं झालं असतं तर निराळं झालं असतं का? कदाचित. फोनवर ‘नाही’ फार लवकर ऐकू येतं आणि त्यामागचं घर दिसत नाही.

शेजारच्या बाईचंही थोडं सांगायला हवं. नेवऱ्यांच्या दिवसांत ती रोज दुपारी मूल झोपवून मदतीला येऊ लागली, कुणी न बोलावता. मुरड घालायला तिचा हात चांगला बसला. वहिनी पैसे द्यायला लागली तर ती घेईना, डब्याकडे बोट दाखवायची. वहिनीला हे अवघड गेलं. फुकट घेणं तिच्या हाडात नाही. शेवटी शेकड्यावर दर ठरला आणि डबा वेगळा राहिला. मला विचाराल तर काही दिवस तिने तसंच घ्यायला हवं होतं. सिक्स ऑफ पेंटॅकल्समधल्या खालच्या जागेवर बसून बघायची ती चांगली संधी होती. पण हे माझं मत, आणि घर तिचं.

माझ्या फीबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. तंगीत असलेल्या माणसाकडून मी कमी घेते, पण घेते. फुकट केलं की मी व्यापारी होते आणि ती गुडघ्यावर. वहिनीने अर्धी फी रोख दिली, उरलेल्या अर्ध्याचे बेसनाचे लाडू. लाडू भावाने बघता जास्त झाले होते. मी ठेवून घेतले.

तिसऱ्या जागेला मी आता या मांडणीत ‘नजरेआड’ म्हणत नाही, ‘अजून कुणाला सांगितलं नाही’ असं म्हणते. देण्याचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत गाठ बहुतेक तिथेच सापडते.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चांगल्या आहेत, मुलगा काही भर घालणार आहे. व्याज आता नवरा स्वतः जाऊन भरून येतो. दसऱ्यानंतर वहिनी पुन्हा आली तेव्हा तिला नणंदेसाठी एक पत्ता काढायचा होता : ती बोलेल का, कधी बोलेल. तिसऱ्या माणसाच्या मनात काय आहे यासाठी मी पत्ते काढत नाही. तिच्या घरी जाऊन या, म्हटलं. ती म्हणाली, दिवाळीचं काम आटपलं की बघते.